मोडीतली घड्याळं

बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये मोडीचं सोनं विकत घेणारी बरीच दुकानं आहेत. काचेवर त्या दिवसाचा भाव लावलेला असतो. आत काउंटरवर तराजू, आम्लाच्या छोट्या बाटल्या, कसोटीचा काळा दगड. त्यातल्या एका दुकानात मी पट्ट्याची जुनी बक्कल शोधायला गेलो होतो. माझ्या पुढे एक वयस्क गृहस्थ उभे होते. त्यांनी खाकी पाकिटातून दोन अंगठ्या, एक तुटलेली साखळी आणि एक मनगटी घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. घड्याळ लहान होतं, जुन्या पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडंसंच मोठं. पांढरी मिन्याची तबकडी, त्यावर बारीक काळे आकडे, दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या, पट्टा नाही. दुकानदारानं सवयीच्या हातानं सुरीचं टोक फटीत घातलं, मागचं झाकण उघडलं, दोन स्क्रू सोडवले आणि मशीन तबकडीसकट बाहेर काढून बाजूच्या प्लॅस्टिकच्या डब्यात टाकलं. डब्यात तशी आणखी बरीच होती. मग पकडीनं केस, म्हणजे घड्याळाचं सोन्याचं कवच, चेपली, काच फोडून काढली आणि उरलेलं सोनं अंगठ्यांबरोबर तराजूत टाकलं. ‘मशीन परत हवंय का?’ त्यानं विचारलं. गृहस्थ म्हणाले, ‘त्याचं मी काय करू?’

पैसे मोजून झाले, सही झाली, ते गेले. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील. कुणी कुणाला फसवलं नाही, भाव चोख दिला गेला, दोघंही समाधानी होते. मला मात्र चेपण्याआधीच्या त्या क्षणभरात झाकणाच्या आतली बाजू दिसली होती. तिथे एक त्रिकोण होता, .३७५ होतं, एक अक्षर होतं आणि त्याभोवती सुईनं कोरल्यासारखे खूप बारीक ओरखडे. ते ओरखडे वाचायला मला दोन मिनिटं मिळाली असती तर ते घड्याळ कुठून आलं, कधी आलं आणि किती वेळा दुरुस्त झालं हे सांगता आलं असतं. डब्यातलं ते मशीन मी दोन पौंडांना विकत घेतलं. घरी आणून किल्ली दिली तर चालू झालं. सेकंदाला पाच टोले, जसे ते शंभर वर्षं देत आलं होतं. त्याच्यात काही बिघडलंच नव्हतं.

हे माझ्या डोक्यातून जाईना.

सुरुवातीच्या काळातली, म्हणजे साधारण १९१० ते १९४० मधली सोन्याची मनगटी घड्याळं मी जमवतो. लोकांना वाटतं, सोन्याची घड्याळं जमवणारा माणूस म्हणजे लिलावांत बोली लावणारा कुणी धनिक असणार. पाटेक फिलिपचं १९३२ सालचं रेफरन्स ९६ हे मॉडेल किंवा कार्टियेचं जुनं टँक मी काचेमागे पाहिलं आहे आणि मनापासून पाहिलं आहे. ९६ चा व्यास जेमतेम एकतीस मिलिमीटर, पण कडेपासून पट्ट्याच्या शिंगापर्यंत नजर कुठे अडखळत नाही. इतकं संयत काम मी दुसऱ्या कुठल्या वस्तूत पाहिलेलं नाही. पण त्या घड्याळांची मला काळजी वाटत नाही. त्यांच्या तबकडीवर नाव आहे आणि त्या नावाची किंमत सोन्याच्या कितीतरी पट आहे. त्यांना कुणी तराजूत टाकणार नाही. मला ओढ आहे ती बिननावाच्या घड्याळांची. त्या काळी इंग्लंडमधल्या दुकानदारांना तबकडीवर कारखान्याचं नाव नको असायचं. एक तर स्वतःच्या दुकानाचं नाव, नाहीतर काहीच नाही. रोलेक्स हे नाव तबकडीवर आणण्यासाठी त्या कंपनीचा संस्थापक हान्स विल्सडॉर्फलासुद्धा या दुकानदारांशी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्यामुळे स्वित्झर्लंडच्या ज्युरा पर्वतातल्या ला शो-द-फाँ, सँ-इमिए, ग्रेन्शेन अशा गावांतून इंग्लंडात आलेली असंख्य चांगली घड्याळं अनामिकच राहिली. आत पंधरा माणकांवर फिरणारं मशीन, हातानं कडा घासलेले पूल (चाकं जागेवर धरणाऱ्या पट्ट्या), निळ्या पोलादाचे स्क्रू, आणि बाहेर कोरी तबकडी.

अशा घड्याळाला नाव नसलं तरी जन्माचा दाखला असतो, आणि तो झाकणाच्या आत असतो. जून १९०७ पासून परदेशी घड्याळाच्या सोन्याच्या-चांदीच्या केसला ब्रिटनमध्ये येताना इथल्या कसोटी कार्यालयाचा, म्हणजे धातूचा कस तपासणाऱ्या कचेरीचा, छाप घेणं सक्तीचं झालं. लंडनचा छाप सिंह राशीच्या चिन्हाचा, उलट्या यू अक्षराला दोन पाय फुटावेत तसा. ग्लासगोचा आडव्या, एकमेकांविरुद्ध दिशेच्या दोन एफ अक्षरांचा. बर्मिंगहॅमचा त्रिकोण. बर्मिंगहॅमच्या कार्यालयाचं १७७३ पासूनचं खरं चिन्ह जहाजाचा नांगर आहे, पण तो नांगर इथे घडलेल्या वस्तूंसाठी. बाहेरून आलेल्यांना त्रिकोण. मी या शहरात इतकी वर्षं राहतो आहे आणि त्रिकोणवाल्या घड्याळांकडे माझा हात आधी जातो, याचं कारण मी फार शोधत बसत नाही. छापाशेजारी सोन्याचा कस. ९ (कॅरेट) सोबत .३७५ म्हणजे शंभरात साडेसदतीस भाग सोनं, उरलेलं बहुतांशी तांबं आणि चांदी. १८ सोबत .७५. आणि त्यापुढे सालाचं अक्षर, दर वर्षी बदलणारं. बर्मिंगहॅमला १९२५ साली कॅपिटल ए पासून नवी माळ सुरू झाली, लंडनला १९१६ साली छोट्या ए पासून. अक्षरांचं वळण आणि त्यांभोवतीच्या ढालीचा आकार एकदा डोळ्यांत बसला की तक्ता उघडावा लागत नाही.

पुष्कळ केसांवर जी. एस. अशी अक्षरं असतात. नवे लोक त्यावरून कारागिराचं नाव शोधायला जातात. तो कारागीर नव्हताच. जॉर्ज स्टॉकवेल हा माल सोडवून आणणारा लंडनचा अडत्या होता. कसोटी कार्यालयात कुणीतरी जबाबदार म्हणून सही करावी लागे, ती तो करायचा. ज्यानं ती केस घडवली त्याचं नाव कुठेच नाही आणि ज्यानं खोकं उघडलं त्याचं शंभर वर्षं टिकलं. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण आता तीही अक्षरं मला त्या घड्याळाच्या प्रवासाचाच भाग वाटतात.

माझ्याकडे लंडनच्या छोट्या ए चं एक घड्याळ आहे. त्या कार्यालयाचं वर्ष मे महिन्यात बदलायचं, म्हणजे मे १९१६ ते मे १९१७ यांमध्ये कधीतरी त्यावर छाप बसला. त्याच वर्षात फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई झाली. त्याआधी मनगटावर घड्याळ बांधणं ही बायकांची गोष्ट मानली जायची. पुरुषाचं घड्याळ बंडीच्या खिशात, साखळीला. खंदकात एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात नकाशा धरलेल्या माणसाला खिशातून साखळी ओढायला हात उरत नव्हता, आणि तोफांचा मारा मिनिटाच्या हिशोबानं पुढे सरकत होता. लढाईनं घड्याळ मनगटावर आणलं आणि लढाई संपल्यावर ते तिथेच राहिलं. माझं घड्याळ नऊ कॅरेटचं आहे, म्हणजे ते बहुधा कुणीतरी निघताना भेट दिलेलं असावं. सरकारी वाटपाची घड्याळं सोन्याची नसत. आकड्यांवर रेडियमचा लेप आहे. तो आता अंधारात चमकत नाही, पिवळट तपकिरी पापुद्र्यासारखा दिसतो. चमकणारं रसायन थकलं, पण रेडियम थकलेलं नाही; त्याचं अर्धं आयुष्यच सोळाशे वर्षांचं. त्यामुळे मी त्याची काच कधी उघडत नाही आणि ते मुलीच्या हाताशी येणार नाही अशा जागी ठेवतो. मनगटावर मात्र कधी कधी बांधतो. तारेच्या कड्या एका बाजूला घासून सुतासारख्या बारीक झाल्या आहेत. सोनं इतकं मऊ असतं हे दागिन्यांवरून मला कळलेलं नव्हतं, ते या कडीवर बोट फिरवताना कळलं. नुसत्या चामड्याच्या घासण्यानं ती झिजली आहे. म्हणजे कुणीतरी ते वर्षानुवर्षं रोज बांधलं. जो माणूस ते घेऊन निघाला, तो परत आला असावा असं मी त्या कडीवरून धरून चालतो.

लढाईनंतरची घड्याळं वेगळी झाली. पातळ झाली, बाहीखाली सरकू लागली. गोल आकाराबरोबर उशीसारखा चौरस आला, पिंपासारखा फुगीर आला, लांबट आयत आला. मिन्याच्या तबकडीच्या जागी चांदीचा मुलामा दिलेली तबकडी आली, जी वय वाढेल तशी सायीच्या रंगाकडे झुकते. मिन्याची तबकडी कधी पिवळी पडत नाही. ती एकतर जन्माच्या दिवशी होती तशी असते, नाहीतर तिला तडा गेलेला असतो. चांदीची तबकडी माणसासारखी म्हातारी होते. मला दुसरी जास्त आवडते. तिच्यावर डाग पडलेले असतात, सेकंदकाट्याच्या छोट्या वर्तुळात एखादा भाग काळवंडलेला असतो, आणि सकाळच्या उजेडात ती अजूनही आतून उजळते. आपल्याकडे मुंबईत अशा तबकड्या पुन्हा रंगवून मिळतात. चोर बाजारात गेलं की पांढऱ्याशुभ्र, निळ्या, टवटवीत तबकड्यांची जुनी घड्याळं ढिगानं दिसतात. ज्याला रोज वापरायचं आहे त्याला ती बरी वाटतात हे मी समजू शकतो आणि रंगवणाऱ्याच्या हातातली कलाही मला दिसते. पण एकदा रंगवलं की मूळ अक्षरांची रेघ गेली ती गेली. मी असं घड्याळ घेत नाही.

केसच्या बाबतीतही माझं तेच मत आहे, आणि त्यावरून इतर संग्राहकांशी माझे वाद झाले आहेत. विषय असतो मागच्या कोरीव अक्षरांचा. इंग्लंडात नोकरीची पंचवीस किंवा चाळीस वर्षं पूर्ण झाली की सोन्याचं घड्याळ देण्याची पद्धत होती. विशेषतः १९५० च्या दशकात नऊ कॅरेटच्या केसमधली अशी घड्याळं खूप दिली गेली. त्यांतल्या कितीतरी केसेस याच शहरात, हँड्सवर्थमधल्या डेनिसनच्या कारखान्यात घडल्या. ॲरन डेनिसन मूळचा अमेरिकन. तिकडे यंत्रांवर घड्याळं बनवण्याचा पाया घालून इकडे आला आणि केसेस बनवू लागला. ओमेगा, लाँजीन, रोलेक्स सगळ्यांनी त्याच्या कंपनीच्या केसेस वापरल्या. मशीन स्वित्झर्लंडचं, केस बर्मिंगहॅमची, म्हणून त्यावर त्रिकोण नाही, नांगर. कारखाना १९६७ मध्ये बंद पडला. मी जमवतो त्या काळापेक्षा ही घड्याळं थोडी अलीकडची, पण समोर आली तर मला सोडवत नाहीत, आणि ती त्या अक्षरांमुळेच. माणसाचं नाव, कारखान्याचं नाव, वर्षं, तारीख. बाजारात ही अक्षरं असली की किंमत पडते. परक्या माणसाचं नाव मनगटाखाली कुणालाच नको असतं, म्हणून विकणारे पाठ घासून गुळगुळीत करतात. घासलेली पाठ हाताला लगेच कळते. ती मधोमध किंचित खोलगट लागते, आणि उजेडात तिरकी धरली की अक्षरांची सावली पुसटशी उरलेली असते. मी अक्षरंवालीच घेतो. चाळीस वर्षं एका भट्टीपुढे उभा राहिलेल्या माणसाला शेवटी मिळालेली ती पावती आहे, आणि ती आपल्या हौसेसाठी घासून टाकण्याचा हक्क आपल्याला पोचतो असं मला वाटत नाही.

आणि झाकणाच्या आतले ते ओरखडे. घड्याळ दुरुस्तीला आलं की कारागीर झाकणाच्या आत टोकदार सुईनं आपली खूण करायचा. कधी तारीख, कधी वहीतला नंबर, कधी नुसती दोन अक्षरं. भिंग लावल्याशिवाय दिसू नयेत इतकी बारीक. माझ्या एका घड्याळात अशा खुणा एकमेकांवर चढल्या आहेत. वेगवेगळी वळणं, वेगवेगळी दशकं. कुणाचं सात आडव्या रेघेचं, कुणाची तारीख तिरकी आणि घाईतली. गहाण ठेवून घेणाऱ्यांच्या खुणाही असतात. रात्री सगळे झोपले की मी टेबलावरचा दिवा खाली ओढतो, नखानं झाकण उघडतो आणि हे वाचत बसतो. उघडताना एक वास येतो, जुनं तेल, तांबं आणि कातडीचा घाम यांचा मिळून. तो फार काळ टिकत नाही, म्हणून पहिला श्वास मी जपून घेतो. हे सगळं लिहिलेलं असतं सोन्यावर. मशीनवर फारसं काही लिहिलेलं नसतं. म्हणून मोडीत जेव्हा मशीन वाचतं आणि केस वितळते, तेव्हा वाचतं ते घड्याळाचं शरीर आणि जातं ते त्याचं चरित्र.

इथे मला थांबून स्वतःकडे पाहावं लागतं, कारण मी ज्या घरात वाढलो तिथे सोनं मोडणं हे काही वाईट काम नव्हतं. कोल्हापुरात गुजरीत आमचे ठरलेले सोनार होते. आजीच्या गोठांच्या आईच्या पाटल्या झाल्या, पाटल्यांतून मावशीच्या लग्नात काही गेलं, उरलेल्यात भर घालून माझ्या बहिणीच्या बांगड्या. लहानपणी मी आईबरोबर जायचो. सोनार मुशीत जुनी वस्तू टाकायचा, वर टाकणखार भुरभुरायचा, आणि मग तो पिवळा थेंब गोळा होऊन थरथरायला लागायचा. आई एकटक बघत असायची. त्या बघण्यात लक्ष ठेवणं जितकं होतं तितकंच आणखी काहीतरी होतं, जे मला तेव्हा कळत नव्हतं. वस्तू गेली तरी सोनं घरातच आहे, आजीचंच आहे, अशी सगळ्यांची धारणा होती आणि ती खरीच होती. घट किती धरली, घडणावळ किती लावली यावर बोलणं व्हायचं; जुना घाट गेला यावर कधी झालं नाही. दुकानातला केरसुद्धा फुकट जायचा नाही. झारेकरी तो विकत न्यायचे, धुवायचे आणि त्यातून कणकण सोनं काढायचे. हात लागलेलं काहीच वाया घालवायचं नाही, हे मी तिथे शिकलो.

आजीचा साज आईनं ठेवला. तोडे मोडले. ते मोडले तेव्हा मी इथल्या विद्यापीठाचं पहिल्या वर्षाचं शुल्क भरत होतो. तोड्यांची टोकं कशी होती हे मला आठवतं, सिंहाची तोंडं होती, आणि एका तोंडाचा कान लहानपणापासून चेपलेला होता. त्यांचा फोटो घरात कुणाकडे नाही. मी इंग्लंडात राहून घड्याळं जमवू शकतो यामागे तेच तोडे आहेत. म्हणून काउंटरवर घड्याळ ठेवणाऱ्या कुणालाही मी मनातही दोष देत नाही. सोनं अडीअडचणीसाठीच असतं. इतकी माणसं शतकानुशतकं ते जपत आली ती याच खात्रीवर, की वेळ आली तर ते मोडता येईल.

१९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटननं सुवर्णमान (पौंडाचं सोन्याशी बांधलेलं मोल) सोडला. पौंड घसरला, पौंडाला बांधलेला रुपया त्याच्याबरोबर घसरला आणि रुपयातला सोन्याचा भाव चढला. मंदीमुळे शेतमालाला दर नव्हता, सारा आणि व्याज मात्र थांबलं नव्हतं. खेड्यापाड्यांतून बायकांच्या अंगावरचं सोनं निघालं, सावकारांमार्फत मुंबईला पोचलं आणि तिथून बोटींनी लंडनला गेलं. वर्षानुवर्षं जात राहिलं. त्याला नावच पडलं होतं, डिस्ट्रेस गोल्ड, अडचणीतलं सोनं. माझ्याकडे त्या दशकातली काही घड्याळं आहेत. त्यांच्यात कुणाच्या बुगड्या, कुणाची बोरमाळ आहे का, हे कुठल्याही कसोटीला सांगता येणार नाही. शुद्ध केलेल्या सोन्याला मागचं काही चिकटून राहत नाही. तरी मी कधी कधी ती हातात घेऊन हा विचार करतो आणि मग दोन्ही बाजूंनी अस्वस्थ होतो. ज्याची केस वितळू नये म्हणून मी धडपडतो, तीच केस आधी कुणाचा तरी दागिना वितळून झालेली असू शकते.

भाव चढला की घड्याळं मरतात, हे मात्र दर वेळी घडत आलं आहे. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं तेव्हा खिशातली आणि मनगटावरची जुनी घड्याळं ढिगांनी वितळली गेली. जुने घड्याळजी अजून सांगतात, त्या वर्षी नुसत्या मशीननं भरलेल्या बादल्या होत्या. २०२५ मध्ये औंस ४००० डॉलरच्या वर गेला, आपल्याकडे दहा ग्रॅमनं लाखाचा आकडा ओलांडला. नऊ कॅरेटची आठ-नऊ ग्रॅमची केस म्हणजे शुद्ध सोनं तीन ग्रॅमच्या थोडं वर. काही वर्षांपूर्वीपर्यंत तेवढ्या सोन्याच्या दुपटीनं पैसे संग्राहक देत असे. आता तराजू जास्त देतो. एवढ्या एका गोष्टीवर अशा घड्याळाचं जगणं-मरणं ठरतं. गंमत वाटावी असं नाही, पण खरं आहे, की सोन्याचा पातळ पत्रा चढवलेली घड्याळं यातून सुखरूप सुटली. डेनिसननंच मून आणि स्टार अशा छापांच्या तसल्या केसेस बनवल्या, पत्रा इतकी वर्षं टिकेल अशी हमी देऊन. ज्यांना खरं सोनं परवडत नव्हतं त्यांनी त्या घेतल्या. वितळवून काही हाती लागत नाही, म्हणून त्या आजही बाजारात हव्या तेवढ्या मिळतात. वीस मायक्रॉनच्या मुलाम्याची तर आपल्याकडेही घराघरांतल्या कपाटांत असतील. पुढच्या शंभर वर्षांनी कुणी या काळातल्या घड्याळांचा अभ्यास करायला बसला, तर त्याच्यापुढे साध्या माणसांचीच घड्याळं जास्त येतील. याचा मला आनंदही होतो.

दुकानातल्या त्या दिवसानंतर मी एक केलं. ज्वेलरी क्वार्टरमधल्या ओळखीच्या दुकानदारांना सांगून ठेवलं, की घड्याळ आलं तर उघडण्याआधी मला फोटो पाठवा. तराजूच्या भावावर मी थोडे जास्त देईन. काहींनी मान डोलावली आणि विसरले. दोघे जण मात्र खरंच पाठवतात. त्यांतला एक आता स्वतःच झाकणाच्या आतला फोटो काढतो, प्रकाश तिरका टाकून, ओरखडे दिसतील असा. मी सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःलाच ते वाचावंसं वाटू लागलं. सगळी मला घेता येत नाहीत. पगार ठरलेला आहे आणि भाव वर गेला आहे. जी घेता येत नाहीत त्यांचे फोटो मी ठेवतो, शेजारी छाप, साल, अक्षरं, खुणा लिहून. वही आता जाड झाली आहे. विकायला येणाऱ्याशी मी काउंटरवर कधी बोलत नाही. कुणाला हीटिंगचं बिल भरायचं असतं, कुणाला वडिलांचं घर रिकामं करायचं असतं, आणि अशा वेळी आपल्या वस्तूचं मोल दुसऱ्यानं समजावून सांगितलेलं कुणालाही नको असतं. एकदा एका बाई मात्र आपण होऊन थांबल्या. त्यांच्या वडिलांचं घड्याळ मी घेत होतो. वडील बसच्या कारखान्यात होते, घड्याळ निवृत्तीला मिळालेलं, ते रोज न वापरता फक्त रविवारी बांधायचे, म्हणून पट्टासुद्धा मूळचाच. ‘तुम्ही ते चालू ठेवाल ना?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. ते घड्याळ मी आता रविवारीच बांधतो.

डब्यांतली अनाथ मशीनं नव्या पोलादी केसमध्ये बसवून विकणारे लोक आहेत. पूर्वी मला ते आवडत नसे. आता वाटतं, चालणारं मशीन डब्यात पडून राहण्यापेक्षा कुणाच्या हातावर चालावं. मात्र विकताना ते तसं आहे हे सांगायला हवं, आणि पुष्कळ जण ते सांगत नाहीत.

मुलगी आता कळत्या वयाची झाली आहे. मध्यंतरी तिला घेऊन बसलो आणि सगळी घड्याळं दाखवली. प्रत्येकाच्या डबीत मी मराठीत एक चिठ्ठी ठेवली आहे. कुठे घेतलं, किती देऊन, छाप कुठला, साल कुठलं, मागे कुणाचं नाव. शेवटी सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच मजकूर आहे: अडचण आली तर मोडायला हरकत नाही. आधी मशीन काढून घ्यावं. झाकणाचे आतून आणि बाहेरून फोटो काढावेत, आणि ते वहीत लावावेत. तिनं दोन-तीन चिठ्ठ्या नीट वाचल्या. मग म्हणाली, ‘बाबा, वजन लिहिलंयस ते नुसत्या केसचं की सगळ्या घड्याळाचं?’

‘केसचं,’ मी म्हणालो. तिनं पेन घेतलं आणि प्रत्येक आकड्यापुढे ते लिहीत गेली.